चेहरा अंधारात राहू नये म्हणून...

आमच्या घरात समोरच्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहे. आलेला पाहुणा हमखास विचारतो, "असा पुसट कसा हो?" खरं सांगते मैत्रिणींनो, तो त्यांच्या मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलाय. दुसरा धड फोटोच नव्हता. आणि तो नव्हता, याला जबाबदार मी आहे.

२००८ च्या दिवाळीत धाकट्या दिरांनी पुण्याहून डिजिटल कॅमेरा आणला. रोल नको, धुवायचा खर्च नको, कितीही फोटो काढा! मला कोण आनंद झाला. पाडव्याच्या दिवशी सासूबाईंना ओसरीच्या दारात बसवलं. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर नातू. मागं अंगणात दुपारचं लख्ख ऊन. "हसा ना आई," म्हटलं, तर त्या चक्क हसल्या. बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळं छानच दिसलं.

पुढच्या वर्षी आई गेल्या. तो फोटो मोठा करायला परभणीला पाठवला, तेव्हा कळलं. अंगणातल्या तुळशीचं पान न् पान स्पष्ट, आणि आईंचा चेहरा काळाठिक्कर! स्टुडिओवाल्यानं उजळ करून पाहिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसते रंगीत दाणे उमटले. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, जे कॅमेऱ्यात आलंच नाही, ते मी कुठून आणू?"

हे वाक्य मनाला फार लागलं. कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिका खोक्यात तशीच पडून होती. ती काढली, शब्दकोश शेजारी घेतला आणि दुपारच्या वेळात रोज दोन पानं वाचायला लागले. त्यातून जे उमजलं, ते आज तुम्हाला सांगते. हल्ली घरोघरी मोबाइल आलाय, पण आतलं गणित तेच आहे.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही

पहिली गोष्ट प्रकाशाच्या मोजमापाची. याला मीटरिंग म्हणतात. फोटो निघण्याआधी कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि किती उजेड आत घ्यायचा ते ठरवतो. साधारणपणे तो सगळ्या चित्राचा मिळून हिशेब करतो. माझ्या फोटोत निम्म्याहून जास्त जागा उन्हातल्या अंगणानं अडवली होती. कॅमेऱ्याला वाटलं, बाप रे, केवढा हा उजेड! म्हणून त्यानं आत येणारा प्रकाश कमी केला. अंगण छान आलं, पण सावलीत बसलेल्या आई काळ्या पडल्या. त्याच्या लेखी सासूबाई आणि तुळशीवृंदावन सारखंच!

म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत मोजमापाचे तीन प्रकार दिलेले असतात. पहिला सगळ्या चित्राचा, दुसरा मधल्या भागाला जास्त महत्त्व देणारा, आणि तिसरा फक्त मधल्या ठिपक्याएवढ्या जागेचा, म्हणजे स्पॉट. पाठीमागं ऊन किंवा खिडकी असेल, तर स्पॉट निवडून तो ठिपका चेहऱ्यावर धरायचा. मागचं अंगण पांढरं फटक येईल, येऊ द्या. आपल्याला माणूस हवाय.

आणखी एक गंमत. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं असावं असं वाटतं. त्यामुळं पांढरं पातळ मळकट येतं आणि काळ्या पाषाणाची मूर्ती राखाडी, विटकी दिसते. यासाठी अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं. पांढरं जास्त असेल तर अधिक करायचं, काळं जास्त असेल तर उणे. आधी मला हे उलटं वाटायचं, पण करून पाहा, पटेल.

आईचे कान आणि आयएसओ

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. कॅमेऱ्यात १००, २००, ४००, ८००, १६०० असे आकडे दिसतात. हाच आयएसओ. रोलच्या जमान्यात '४०० चा रोल द्या' म्हणायचो, तोच हा आकडा. तो दुप्पट केला की निम्म्या उजेडात काम भागतं.

मी बचत गटातल्या बायकांना हे असं सांगते. लेकरू तापानं फणफणलेलं असलं की रात्री आईचे कान किती तिखट होतात! ते जरा कण्हलं तरी जाग येते. पण त्याच रात्री उंदराची खुडबुड, पत्र्याचा आवाज, सगळंच ऐकू येतं. आयएसओ वाढवला की कॅमेऱ्याचं असंच होतं. थोडाही उजेड टिपला जातो, पण नको ते दाणेही चित्रात येतात. म्हणून उन्हात १००, ढगाळ दिवशी किंवा ओसरीत २०० ते ४००, आणि रात्री घरात दिव्याच्या उजेडात ८०० किंवा त्याहून जास्त. दाणे आलेला फोटो एक वेळ चालतो, पण हललेला फोटो काही केल्या दुरुस्त होत नाही. उजेड कमी असला की दोन्ही कोपर अंगाशी धरा, खांबाला टेका आणि श्वास रोखून बटण दाबा.

फ्लॅश कधी, कुठे?

फ्लॅशबद्दल आपला मोठा गैरसमज असतो, की अंधार असला की फ्लॅश आणि ऊन असलं की नको. साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड दहा-बारा फुटांपर्यंतच पोचतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मांडवात शंभर बायका बसलेल्या असतात. मागून फ्लॅश मारला, तर पुढच्या चार जणींच्या पाठी पांढऱ्या होतात आणि बाकी सगळा अंधार. जवळ जा, आठ-दहा जणींचा एकेक फोटो काढा.

उलट भर दुपारी, चेहऱ्यावर पदराची सावली असताना किंवा पाठीमागं ऊन असताना फ्लॅश खरा कामाला येतो. त्या पाडव्याला मी चार हातांवर उभी होते. फ्लॅशचं बटण दाबलं असतं, तर आईंचा चेहरा उजळला असता. तेवढंच करायचं होतं!

आमच्या पोखर्णीच्या रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा नृसिंह आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती असते. देवळांत आधी परवानगी विचारावी, आणि ती मिळाली तरी फ्लॅश बंदच ठेवावा. समईच्या उजेडातला तो गंभीरपणा फ्लॅशनं पार निघून जातो. तिथं आयएसओ वाढवावा.

आणि फोटोत डोळे लाल का येतात? अंधारात बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅश थेट आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा रक्ताचा लाल रंग घेऊन परततो. खोलीत जास्त दिवे लावा, बाहुली लहान होते.

अर्धं बटण

फोकसची चूक तर सगळ्यांची होते. दोघी मैत्रिणी शेजारी बसल्यात, मध्ये थोडी फट आहे. कॅमेरा नेमका त्या फटीतून मागच्या भिंतीवर नजर लावतो. भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, मैत्रिणी अंधूक! उपाय सोपा आहे. एकीचा चेहरा मध्ये धरून बटण अर्धंच दाबा. चौकट हिरवी झाली की बोट न उचलता कॅमेरा हवा तसा वळवा, मग पूर्ण दाबा. भरतकामाचा किंवा रांगोळीचा जवळून फोटो हवा असेल, तर फुलाचं चिन्ह निवडा.

मोबाइलवर हे आणखी सोपं आहे. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की बहुतेक मोबाइल तिथंच फोकस करतात आणि तिथलाच उजेड मोजतात. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह आलं, तर ते वर-खाली सरकवून उजळ-गडद करता येतं.

आणि यातलं काहीच नसेल, तर? दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात घरचं सगळं सांभाळून त्या फिल्म धुण्याची रसायनं कालवायच्या, आणि चित्रीकरणात उजेड परतवण्यासाठी भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आपल्या घरातही पांढरी चादर असतेच. चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला धरली की झालं! त्याच १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांच्या काळात कॅमेऱ्यात आपोआप काहीच होत नसे आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. उजेड किती, अंतर किती, सगळा हिशेब स्वतःच करायचा. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मग आपल्याला चार बटणं का जमू नयेत?

परवा बचत गटाच्या बैठकीत एका आजींचा फोटो काढायला लागले, तर त्या पदर तोंडावर ओढून म्हणाल्या, "कशाला गं बाई माझा फोटू काढायलीस? तरण्या पोरींचा काढ की!" मी त्यांना हाताला धरून फिरवलं. दार पाठीशी होतं, ते तोंडासमोर आणलं. दाराचा मऊ उजेड सुरकुत्यांवर पडला. मोबाइलवर त्यांच्या चेहऱ्याला बोट लावलं आणि काढला फोटो. बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी अशी दिसते व्हय?"

मैत्रिणींनो, लग्नातला घोळक्यातला एखादा फोटो सोडला, तर आपल्या आई-आजींचा स्वतःचा असा फोटो कितीशा घरांत आहे? या रविवारी एकीला दाराकडं तोंड करून बसवा. चेहरा नीट आलाय का, ते मोठं करून तिथंच पाहा. आणि परभणीला गेलात की त्याची एक प्रत छापून आणा. मला जमलं नाही, ते तुम्हाला जमू द्या.