‘लिहिले’ या शब्दाचा अर्थ : दूरस्थ लेखन आणि खंडाचे परिमाण

पनवेल तालुक्यातील आगरी बोलीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण पुण्यातील एखाद्या विभागातून पनवेलजवळील डेटा सेंटरमध्ये साठविण्यास पाठविले, अशी कल्पना करावी. योट्टा कंपनीचे ‘एनएम-१’ हे असे केंद्र तेथे २०२० साली सुरू झाले. काही क्षणांत अभ्यासकाचा संगणक ‘लिहिले’ असे सांगतो. या क्रियापदाचा भूतकाळ मात्र फसवा असू शकतो. मजकूर अभ्यासकाच्या संगणकाच्या स्मृतीत आहे, सर्व्हरच्या स्मृतीत आहे, की सर्व्हरच्या तबकडीवर उमटला आहे, असे त्याचे तीन अर्थ संभवतात. वीज गेली असता यांपैकी तिसराच टिकतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेल्या नेटवर्क फाइल सिस्टीमच्या दुसऱ्या आवृत्तीत हा तिसरा अर्थच बंधनकारक होता. शिवाय एका विनंतीत ८,१९२ बाइटांहून मोठा खंड पाठविता येत नसे. सेकंदाला ९६,००० बाइट या दराने एका तासाचे मुद्रण ३४,५६,००,००० बाइट होते. म्हणजे ४२,१८८ विनंत्या. मार्ग १०० किलोमीटरचा धरल्यास प्रकाशतंतूतून जाऊन येण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. प्रत्येक विनंती मागील उत्तरानंतरच निघाली, तर केवळ प्रवासात ४२ सेकंद जातात. तबकडीचा वेळ निराळाच. आज लिनक्समध्ये सर्रास आढळणारा १०,४८,५७६ बाइटांचा खंड घेतल्यास विनंत्या ३३० उरतात व प्रवास तृतीयांश सेकंदावर येतो.

यावरून खंड जितका मोठा तितके लेखन जलद, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तेच मुद्रण शब्दवार कापून अर्ध्या सेकंदाच्या सहस्रावधी फाइली केल्या, तर प्रत्येक फाइल ४८,००० बाइटांचीच राहते. खंडाचे परिमाण ही वरची मर्यादा होय. ती वाढविल्याने लहान फाइल मोठी होत नाही, आणि फाइल निर्माण करणे व पक्की करणे यांचा खर्च प्रत्येक वेळी पडतोच. दुसरे असे की, सर्व्हरच्या तबकडीवरील खंड मोठा आणि येणारा तुकडा लहान असेल, तर जुना खंड वाचून, बदलून पुन्हा लिहावा लागतो. तिसरे, पूर्वीच्या यूडीपी वाहतुकीत ८,१९२ बाइटांच्या विनंतीचे इथरनेटवर सहा तुकडे होत. त्यांतील एक हरवला तरी सगळी विनंती पुन्हा पाठवावी लागे. टीसीपीमुळे ही अडचण बरीचशी दूर झाली.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने खरा तोडगा काढला. सर्व्हरने मजकूर स्मृतीत घेऊन ‘मिळाले’ म्हणावे, आणि ‘पक्के करा’ ही आज्ञा स्वतंत्रपणे यावी. तोवर पाठविणारा आपली प्रत सोडीत नाही. मध्यंतरी सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास बदललेल्या खुणेवरून तो ते ओळखतो व मजकूर पुन्हा पाठवितो. ‘मिळाले’ आणि ‘लिहिले’ हे शब्द येथे प्रथमच वेगळे झाले.

म्हणून दीर्घ मुद्रणांस मोठा खंड द्यावा, लहान फाइली आधी एका संचात बांधाव्यात. परंतु वेगासाठी सर्व्हरवर ‘असिंक’ हा पर्याय निवडताना विचार करावा. त्यात तबकडीवर न उमटलेल्या मजकुरासही ‘पक्के झाले’ असे उत्तर मिळते. बोलणारी वृद्ध व्यक्ती पुन्हा भेटेलच असे नाही. तेव्हा फाइल निर्विघ्न बंद होऊन ती पक्की झाल्याची खात्री होईपर्यंत मूळ मुद्रण पुसू नये.