लोअर हटला लेकीकडे राहायला जाताना

परदेशी मुलाबाळांकडे राहून आलेल्या आपल्या वयाच्या कोणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच मिळते: "सगळे चांगले होते, पण दिवस जात नव्हता." न्यूझीलंडमधील लोअर हट येथे लेकीकडे प्रथम गेलो तेव्हा आमचेही तेच झाले. सकाळी आठला लेक-जावई कामावर, नातू शाळेत आणि आम्ही दोघे खिडकीपाशी. त्या काही आठवड्यांत आम्ही एकमेकांशी जितके भांडलो, तितके साऱ्या संसारात भांडलो नव्हतो. तीन महिन्यांसाठी गेलेलो, दीड महिन्यात तिकीट बदलून परतलो. विमानतळावर लेक काहीच बोलली नाही. ते न बोलणे फार लागले. दुसऱ्या खेपेस निश्चय करूनच गेलो, की रोज एकदा तरी उंबरठा ओलांडायचा. त्या खेपेस जे पाहिले ते इथे देत आहोत, म्हणजे आमच्यामागून जाणाऱ्यांना खिडकी धरून बसावे लागणार नाही.

लोअर हट हे राजधानी वेलिंग्टनपासून सुमारे 15 किलोमीटरवर, हट नदीच्या खोऱ्यात वसले आहे. नदीचे माओरी नाव ते आवा काइरांगी. वेलिंग्टन सगळे चढउताराचे, पण हटचे खोरे सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. तिथल्या 65 वर्षांवरील रहिवाशांना सुपरगोल्ड कार्डावर गर्दीच्या वेळा सोडून बस-आगगाडी फुकट असते. आपण पाहुणे, आपल्याला ते मिळत नाही. आपण स्नॅपर नावाचे कार्ड घ्यावे, म्हणजे प्रत्येक वेळी सुटे पैसे शोधायला नकोत.

पहिल्या दिवशी आम्ही गावाच्या मध्यभागी असलेल्या डाउस कलासंग्रहालयात गेलो. पर्सी डाउस हे 1950 ते 1970 अशी वीस वर्षे इथले नगराध्यक्ष होते. त्यांचे व त्यांच्या पत्नी मेरी यांचे नाव या संग्रहालयाला आहे. ते 1971 साली उघडले. संग्रहालय म्हटले की आपल्याला मोठमोठी तैलचित्रे आठवतात. इथे भर आहे तो हाताच्या कामावर: मातीची भांडी, विणकाम, काच, दागिने. त्यामुळे आमच्यासारख्या, चित्रकलेतले फारसे न कळणाऱ्यांनाही तासभर रमता येते. आम्हांला सर्वांत आवडले ते नुकु तेफातेफा. हे लाकडात कोरलेले माओरी कोठार आहे, 1856 साली वी ताको न्गाताता या सरदारासाठी बांधलेले. माओरी लोक आपला राजा उभा करू पाहत होते, त्या चळवळीला पाठिंबा म्हणून ते उभारले गेले. कोकणातली धान्याची कणगी आठवली, पण इतकी नक्षी असलेली कणगी आम्ही कधी पाहिली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा प्रवेशाला पैसे पडले नाहीत. आत बसायला बाकेही आहेत.

तिथून चार पावलांवर 1956 सालचे युद्धस्मारक ग्रंथालय आहे. त्याला लागूनच एक छोटे नाट्यगृह आहे. ग्रंथालयात ऊब असते, वर्तमानपत्रे असतात आणि 'किती वेळ बसलात' असे कोणी विचारत नाही. जूनमध्ये बाहेर गार वारा सुटला म्हणजे याचे मोल कळते.

आता शनिवारची गोष्ट. गावचा मोठा बाजार नदीकाठी शनिवारी सकाळी भरतो: भाजी, फळे, पाव, खाण्याच्या गाड्या, कधी कोणी गिटार वाजवणारा. आपण पडलो शनिवार तेली! पूर्वजांनी शब्बाथला घाणा थांबवला आणि आम्ही बाजाराला जावे? पण लेकीचे घर नदीपासून जवळ, पायी जाता येते, आणि बाजार पाहायला पैसे लागत नाहीत. घरी तेफिला आटोपून, पाकीट घरीच ठेवून आम्ही नदीकाठाने फिरत जात असू. तिसऱ्या शनिवारी एका भाजीवाल्याने विचारले, "तुम्ही रोज सगळे बघता, घेत काहीच नाही?" आम्ही कारण सांगितले. पुढच्या शनिवारी त्याने लांबूनच हात केला आणि रिकामे खिसे उलटे करून दाखवले. त्या गावात आम्हांला ओळखणारे ते पहिले माणूस. नदीवर पूररक्षणाची व नव्या पुलाची कामे आहेत, त्यामुळे बाजाराची जागा इकडेतिकडे होऊ शकते. आधी घरी विचारून निघावे.

पेटोनीच्या किनाऱ्यावर अवश्य जावे. 22 जानेवारी 1840 रोजी 'ऑरोरा' हे जहाज विलायतेतून वसाहतवाल्यांना घेऊन इथे आले. त्या किनाऱ्यावर सेटलर्स म्युझियम आहे, लहानसेच. आलेल्यांनी बरोबर काय आणले, इथे आधीपासून राहणाऱ्या माओरींचे काय झाले, असे प्रश्न तिथे मनात येतात. आम्ही बाहेर वाळूत उभे राहिलो आणि नवगावची आठवण झाली. फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी. नातवाला ती गोष्ट आम्ही तिथेच सांगितली. इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगितली होती, पण समोर समुद्र असताना ती सांगण्याची गोडी निराळी.

नायनाय हा भाग कलेसाठी कोणी सांगणार नाही, पण आपल्या वाचकांनी पाहावा. तिथल्या बाजारचौकाचा आराखडा व्हिएन्नाच्या एर्न्स्ट प्लिश्के या वास्तुशिल्पकाराचा. त्यांची पत्नी ॲना यहुदी वंशाची, म्हणून हे कुटुंब नाझींपासून निसटून 1939 साली न्यूझीलंडला आले. ॲना स्वतः बागांची आखणी करीत. त्याच भागात पोहण्याचा तलाव आहे. जुना तलाव भूकंपाच्या धोक्यामुळे 2019 मध्ये बंद झाला, नवा 2024 च्या अखेरीस उघडला. पोहता येत नसेल तरी कोमट पाण्यात चालावे, सांध्यांना बरे वाटते.

उन्हाळ्यात वाइफेटू भागातील ते फिती पार्कवर 'ते रा ओ ते राउकुरा' नावाचा माओरी उत्सव होतो. राउकुरा म्हणजे पांढरी पिसे, शांततेची खूण. ते फिती हे पारिहाका गावचे पुढारी. 1881 साली सरकारी फौज गावावर चालून आली तेव्हा त्यांच्या लोकांनी शस्त्र उचलले नाही, मुलांना गाणी म्हणत पुढे बसवले. उत्सवात गाणे, नाच, खाणे सगळे आहे. समूहाने उभे राहून गाण्यातून पूर्वजांची कथा सांगायची, ही त्यांची रीत. शब्द कळत नव्हते, तरी आपल्या समाजात पूर्वी होणारी कीर्तने आठवली. टोपी आणि घडीची खुर्ची बरोबर न्यावी, तिथले ऊन भाजून काढते.

हिवाळ्यात जाणाऱ्यांना 'मातारिकी' पाहायला मिळेल. मातारिकी म्हणजे आकाशातील आपल्या कृत्तिका, आणि इय्योबाच्या व आमोसाच्या पुस्तकांत जिला 'कीमा' म्हटले आहे तीही हीच. जून-जुलैत पहाटे ती ईशान्येस पुन्हा दिसू लागली की माओरींचे नवे वर्ष. 2022 पासून ही सरकारी सुट्टी आहे. तारीख दरवर्षी बदलते, कारण त्यांचा पंचांगही आपल्यासारखाच चंद्रावर चालतो. सरत्या वर्षात जे गेले त्यांची नावे त्या पहाटे ताऱ्यांकडे पाहून मोठ्याने घेतात. आमच्या शेजारच्या माओरी आजींनी आम्हांला अंगणात बोलावले. त्यांनी आपल्या भावाचे नाव घेतले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही आमच्या धाकट्या बहिणीचे घेतले. तिच्या हश्काबाला आम्हांला जाता आले नव्हते. लेकही गोधडी पांघरून शेजारी उभी होती. या खेपेस आम्ही तीन महिने पुरे राहिलो.

पहाटे थंडी फार असते. कानटोपी आणि लोकरी मोजे इथूनच न्यावेत.