वारल्यांचा भगत
डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर वाघदेव, हिरवा, कणसरी हे देव घरातल्या वडीलधाऱ्यांसारखेच. मान राखला नाही तर रुसणारे. वाघदेव रानाचा धनी, कणसरी धान्याची आई. कोण रुसले हे शोधतो भगत. कुणी आजारी पडले की तो तांदळाचे दाणे पाहतो. कधी अंगात वारे येऊन घुमतो, मग त्याच्या तोंडून देव बोलतो. मागणे बहुधा साधे : कोंबडी, नारळ, राहून गेलेला नवस. त्याला झाडपाल्याची औषधेही ठाऊक असतात, आणि माझ्या मते त्याचे खरे वजन तिथेच. मात्र साप चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र घालणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा वेळी आधी दवाखाना गाठा.