बंद पडून राहिलेली लूना

अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली बाजारात आली. पडवीत वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली अशी एखादी लूना पुन्हा चालू करायची, तर पहिला प्रश्न पडतो: न वापरता ती बिघडली कशी?

पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. गाडी उभी असताना त्यातील हलके, चटकन पेट घेणारे घटक उडून जातात. उरलेल्यांपैकी काहींचा ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ बनते. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असते. ते या राळेने बुजते. तारेने कोरले तर छिद्र मोठे होऊन हवा-पेट्रोलचे प्रमाणच बिघडते. म्हणून जेट द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे.

आता लगेच पेडल मारावे का? नाही. लूनाचे ५० सीसीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे वंगण. नुसत्या पेट्रोलवर ते सुरू होईल, पण घर्षणाने तापून पिस्टन जाम होईल. कोरड्या सिलिंडरमध्ये आधी प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. रबरी सीलही तपासावेत. ते कडक झाले असतील तर तेथून जास्त हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते.

पेट्रोल पूर्ण काढून धुतलेला जुना कार्ब्युरेटर मिळाला, तर तो वर्गात खोलून पाहू या. बाष्पीभवन आणि ऑक्सिडीकरण हे दोन्ही धडे त्या बुजलेल्या छिद्रात सापडतील.