पुणेरी पलटण

पुणेरी पलटण : पुणे येथील व्यावसायिक कबड्डी संघ. प्रो कबड्डी लीग या २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेतील आठ मूळ संघांपैकी हा एक. इन्शुअरकोट स्पोर्ट्स ही खाजगी कंपनी त्याची मालक असून बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे संघाचे स्वगृह मानले जाते.

पार्श्वभूमी : कबड्डी हा मूळचा मातीवरचा खेळ. महाराष्ट्रात तो हुतुतू या नावाने रूढ होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे नियम निश्चित करण्याच्या प्रयत्नांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांचा वाटा होता. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला आणि पुढे मोठ्या स्पर्धांत मातीची जागा रबरी मॅटने घेतली. तथापि, खेळाडूची उपजीविका बहुधा रेल्वे, पोलीस, बँका व औद्योगिक कंपन्या यांतील नोकरीवरच अवलंबून राहिली. व्यावसायिक लीगमुळे केवळ खेळावर भरीव अर्थार्जन करण्याची वाट प्रथमच खुली झाली.

खेळाचे स्वरूप : लीगचे सामने बंदिस्त क्रीडागृहात १३ × १० मी. मैदानावर होतात. प्रत्येक बाजूस सात खेळाडू असून डाव २०–२० मिनिटांचे असतात. चढाई ३० सेकंदांत पूर्ण करावी लागते. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे अनिवार्य असते. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना यशस्वी पकड झाली, तर एक जादा गुण मिळतो. या नियमांमुळे रेंगाळणाऱ्या खेळाला आळा बसला; तसेच पिछाडीवरील संघाला सामन्यात परतण्याची संधी मिळाली.

संघाची वाटचाल : आरंभीचा काळ संघाला प्रतिकूल गेला. २०१४ व २०१५ या दोन्ही हंगामांत तो गुणतक्त्यात तळाशी राहिला, तर शेजारच्या मुंबईच्या यू मुंबा संघाने २०१४ मध्ये उपविजेतेपद व २०१५ मध्ये अजिंक्यपद मिळविले. मनजीत छिल्लर याच्या आगमनानंतर चित्र पालटले आणि २०१६ मध्ये झालेल्या दोन्ही हंगामांत पुण्याने तिसरा क्रमांक पटकाविला. २०१७ मध्ये दीपक हुडा याच्या नेतृत्वाखाली संघ बाद फेरीत पोहोचला. परंतु पुढील दोन हंगामांत ही मजल टिकली नाही.

संघाचा खरा कायापालट तरुण खेळाडू घडविण्याच्या धोरणामुळे झाला. लिलावातील नामवंतांवर सर्वस्वी विसंबून न राहता युवा पलटण या प्रशिक्षणकेंद्रातून होतकरू मुलांना संधी देण्यात आली. करोनाच्या साथीमुळे २०२१-२२ चा हंगाम बंगळुरू येथे एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. त्यात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे चढाईपटू पुढे आले. अस्लम हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील. कर्जत, मिरजगावसारख्या गावांच्या या जिल्ह्यातील मुलाला राज्यातीलच व्यावसायिक संघाचे नेतृत्व मिळावे, ही या धोरणाची मोठी फलश्रुती होय.

प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली संघ २०२२ मध्ये प्रथमच अंतिम फेरीत गेला. १७ डिसेंबर रोजी मुंबई येथे जयपूर पिंक पँथर्सने त्याला ३३–२९ असे हरविले. पुढील हंगामापूर्वीच्या लिलावात इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई याला २.३५ कोटी रुपयांना घेण्यात आले. त्याच्या काही दिवस आधी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगजो येथील आशियाई अंतिम सामन्यात भारताने इराणवर मात केली होती. त्या लढतीतील प्रतिस्पर्धी संघांत असलेले अस्लम व शादलुई आता सहकारी झाले. २०२३-२४ च्या साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकून व केवळ २ हरून पुणे अग्रस्थानी राहिले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून संघाने पहिले अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेच्या एकाच चढाईतील चार गुण निर्णायक ठरले. अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर पकडीच्या गुणांत शादलुई अव्वल होता.

व्यावसायिक खेळातील अस्थिरताही लगेचच प्रत्ययास आली. लिलावाच्या पद्धतीनुसार शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीने जायबंदी झाला आणि २०२४ मध्ये विजेत्या संघाला बाद फेरीही गाठता आली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर रोजी बालेवाडीतच झाला. तो हरियाणाने जिंकला. २०२५ मध्ये प्रशिक्षक अजय ठाकूर यांच्या काळात पुणे पुन्हा अंतिम फेरीत आले; मात्र ३१ ऑक्टोबर रोजी दबंग दिल्लीकडून २८–३१ असा निसटता पराभव पतकरावा लागला.

महत्त्व : तळाच्या स्थानापासून अजिंक्यपदापर्यंतच्या या प्रवासाने दोन गोष्टी स्पष्ट होतात. लिलावामुळे संघाची घडी दर काही वर्षांनी विस्कटते. प्रशिक्षणकेंद्र मात्र ती पुन्हा बसविण्याचे साधन पुरविते. दुसरे असे, की प्रकाशझोतातील मॅटवर उतरणारा खेळाडू अद्यापही बहुधा गावातील तालीम, शाळा वा क्रीडामंडळ यांतूनच घडतो. मातीवरील मैदाने व जिल्हा पातळीवरील स्पर्धा ओस पडल्यास व्यावसायिक संघांचा खेळाडूंचा पुरवठाही आटेल. त्यामुळे व्यावसायिक कबड्डीचे भवितव्य तिच्या या ग्रामीण अधिष्ठानाशी निगडित आहे.