डबीतली नाळ

मिनामाताच्या कोळीवाड्यांत आधी मांजरं नाचली. जपानच्या क्यूशू बेटावरच्या या गावात १९५०च्या दशकात ती गरगरत धावायची, समुद्रात पडून मरायची. तरी मासे सुटले नाहीत. कोळ्याच्या घरी दुसरं कालवण कसलं करणार? १ मे १९५६ला तिथल्या चिस्सो या रसायन कारखान्याच्या इस्पितळातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं, की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. सरकारदरबारी रोगाची जन्मतारीख ती.

चिस्सोत १९३२पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनायचं. त्याला उत्प्रेरक म्हणून पारा लागे, आणि त्यातूनच तयार होणारा मिथाइल पारा सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. लहान मासळीतून मोठ्या मासळीत जाताना तो साठत जातो. तळून, उकडून, खारवून निघत नाही. (मोरीत किंवा मोठ्या सुरमईत तो तारलीपेक्षा जास्त भरतो तो यामुळेच. गरोदर बाईच्या ताटात लहान मासळी बरी.)

१९५७मध्ये मिनामाता ज्या प्रांतात येतं त्या कुमामोतोने केंद्र सरकारला विचारलं, खाडीतल्या मासळीवर कायद्याने बंदी घालू का? आरोग्य मंत्रालयाचं उत्तर आलं: तिथला सगळा मासा विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सबब नाही. म्हणजे एकेक मासा तपासत बसायचं! १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी प्रयोगातल्या ४०० क्रमांकाच्या मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं, आणि तेही झटके येऊन लटपटलं. कंपनीने निष्कर्ष दाबला. वर्ष सरता सरता आजाऱ्यांच्या हाती ‘सांत्वना’ची रक्कम ठेवली, करारात कलम असं, की उद्या दोष कारखान्याचा निघाला तरी वाढीव भरपाई मागायची नाही. १९६५मध्ये तोच रोग निइगाताला, दुसऱ्याच कारखान्याच्या खाली, नदीकाठी उगवला. सरकारने चिस्सोचा दोष मान्य केला सप्टेंबर १९६८मध्ये. तो पारा वापरणं चिस्सोने चारच महिने आधी थांबवलं होतं.

या काळात काही मुलं जन्मतःच आजारी निघत होती, आया मात्र वरून धडधाकट. वार विष अडवते, असं तेव्हाचं वैद्यक मानायचं. आया म्हणत, मासे मी खाल्ले, विष पोरानं घेतलं. मासाझुमी हारादा या तरुण डॉक्टरने ते ऐकून घेतलं. पुढे त्यांना पुरावा सापडला तो घराघरांत. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत ती वाळवून छोट्या लाकडी डबीत जपून ठेवतात. हारादांनी त्या डब्या गोळा केल्या. कारखान्याचं उत्पादन वाढलेल्या वर्षांत जन्मलेल्यांच्या वाळक्या नाळेत मिथाइल पाराही चढलेला निघाला. १९७५मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. मंत्रालय पुरावा मागत होतं, तेव्हा तो आयांच्या कपाटात पडून होता.

होसोकावांनी १९७०मध्ये आजारपणाच्या खाटेवरून त्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते गेले. १९७३मध्ये कोर्टाने चिस्सोला दोषी ठरवलं. विषारी मासळी बाहेर जाऊ नये म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं १९९७मध्ये निघालं. पाऱ्याविरुद्धच्या २०१३च्या जागतिक कराराला नावही मिनामाताचंच मिळालं.

१ मे २०२४ला स्मृतिदिनी पर्यावरणमंत्री मिनामाताला आले. पीडितांच्या प्रत्येक गटाला बोलायला तीन मिनिटं दिली होती. एक म्हातारे गृहस्थ आपल्या गेलेल्या बायकोबद्दल सांगत होते. वेळ संपली आणि अधिकाऱ्यांनी माइक बंद केला. आठवडाभराने मंत्री माफी मागायला पुन्हा आले.