अनेक आवाज, एक स्पीकर : लिनक्समधील ऑडिओ सर्व्हर

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाली. २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा दिला. पुढे रविशंकर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने लिनक्सवरील 'केडीई' या डेस्कटॉपचे छत्तीसगडी रूपांतर झाले. मेनू मातृभाषेत आले; परंतु ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यापर्यंत संगणक पोहोचतो तो आवाजातूनच. म्हणून लिनक्स प्रणाली आवाज कसा हाताळते, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

मूळ अडचण

संगणकात ध्वनी अंकांच्या रूपात साठवला जातो. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटचा आणि दोन वाहिन्या असे धरल्यास दर सेकंदाला १,९२,००० बाइट साउंड कार्डाकडे अखंडपणे जावे लागतात. कार्डाशी प्रत्यक्ष संवाद साधते ती प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील 'अल्सा' यंत्रणा. डिसेंबर २००३ मधील कर्नेल २.६ पासून तिला प्रमुख स्थान मिळाले. मात्र अनेक साधी कार्डे एका वेळी एकच प्रवाह स्वीकारतात. गाणे सुरू होताच मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मुका झाला, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने संगणकच बंद पडतो.

सर्व्हरचे कार्य

ऑडिओ सर्व्हर हा प्रोग्राम आणि अल्सा यांच्यामधील दुवा होय. तो सर्व प्रवाह गोळा करतो, ४४,१०० नमुन्यांचे गाणे ४८,००० च्या दराला आणतो, प्रत्येकाची पातळी ठरवतो आणि नमुन्यांची बेरीज करून एकच प्रवाह पुढे पाठवतो.

हे नमुने 'बफर' या तात्पुरत्या साठ्यात थांबतात. १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब. बफर मोठा केल्यास प्रोसेसरवरील ताण घटतो, पण विलंब वाढतो. फार लहान केल्यास आवाज तुटतो.

विकासाचे टप्पे

संगीतनिर्मितीसाठी अत्यल्प विलंबाचा 'जॅक', तर दैनंदिन वापरासाठी २००४ मध्ये सुरू झालेला 'पल्सऑडिओ' असे दोन मार्ग रूढ झाले. २००७ मध्ये फेडोरा ८ ने पल्सऑडिओ स्वीकारला. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने त्याची जागा 'पाइपवायर'ला दिली. तो दोन्ही प्रकारचे प्रोग्राम चालवतो आणि चित्रप्रवाहही हाताळतो.

सारांश, कर्नेल उपकरण चालवते आणि सर्व्हर त्याचे न्याय्य वाटप करतो. भाषेच्या संगणकीकरणात अक्षरांइतकाच या वाटपाचाही विचार झाला, तरच संगणक खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.